नऊ नंबरची फ्रेम

सुनिल नावाचा माणूस नागपूरहून गाडी घेऊन आला तेव्हा सत्यशीला अंगणात सुपाने सोयाबीन पाखडत होती. त्याने फाटकाबाहेरूनच विचारलं, "लहानू फिटर इथीच राह्यतात काय?"

"राहत होते," ती म्हणाली.

"कुठी गेले? कधी येतील?"

"येत नाई आता. पौषात वारले."

सुनिल चपला काढून आत आला आणि बाजेच्या कडेवर टेकला. रोशनीने पाण्याचा तांब्या आणून दिला. रोशनी ही सत्यशीलाची एकुलती एक लेक, तेवीस वर्षांची. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती. पोलीस भरतीत एकदा धावण्यात गेली, एकदा लेखीत. आता घरीच होती.

पाणी पिऊन सुनिलने कामाचं सांगितलं. गडचांदूरच्या रस्त्यावरची बंद सूतगिरणी लिलावात गेली होती. त्याच्या शेठने मशिनी घेतल्या होत्या. बहुतेक सगळ्या गॅसने कापून भंगारात जायच्या. पण तामिळनाडूतल्या एका गिरणीचा इंजिनिअर येणार होता, आणि एखादी रिंगफ्रेम, म्हणजे सूत कातायचं यंत्र, चालू हालतीत सापडली तर ती तो उचलणार होता. "चौकीदार पत्रू म्हणाला, एक फ्रेम अजून फिरते. पण तिले हात लावणारा एकच माणूस, लहानू फिटर. बरं, बाई, दुसरा कोणी हाय का गावात?"

"मी येतो," सत्यशीला म्हणाली.

रोशनीने वळून आईकडे पाहिलं. सुनिलनेही.

"वीस वर्षं साइड चालवली मी त्या फ्रेमवर. अन् नवरा फिटर होता. घरी येऊन दुसरं काही बोलतच नव्हता."

बोलून झाल्यावर तिने पुन्हा सूप उचललं. आपण हो का म्हटलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लहानू जाऊन दहा महिने झाले होते. या दहा महिन्यांत ती वेळेवर उठली, जेवली, मजुरीला गेली, पौर्णिमेला विहारात वंदनेला बसली. मोहल्ल्यातल्या बाया म्हणत, सत्यशीलाबाईचं काळीज घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नव्हतं. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याच्या पायाला काढल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. मौतीच्या दिवशी बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि तिला आठवत होतं की चुलीवर दूध ठेवलं आहे.

लहानूच्या घराण्यात कापडाचं काम मागून चालत आलं होतं. त्याचा आजा नागभीडकडच्या एका खेड्यात मागावर जाडंभरडं लुगडं विणायचा. तेव्हा महारवाड्यात घरोघरी माग होते. मग गिरणीचं स्वस्त कापड बाजारात आलं आणि माग एकेक करून चुलीत गेले. आजाने शेवटचा माग मोडला त्या वर्षी बाप नागपूरला गेला आणि ज्या गिरण्यांनी माग मोडले त्यांच्यातल्याच एकीत कामाला लागला. लहानू तिथेच बापाच्या हाताखाली फिटर झाला. त्या गिरणीला घरघर लागली तेव्हा इकडे कापसाच्या पट्ट्यात नवी सहकारी सूतगिरणी निघाली, म्हणून तो इकडे आला. सत्यशीला रिंगखात्यात होती. फ्रेम बंद पडली की फिटरला हाक मारायची, तो यायचा. नऊ नंबरची फ्रेम जरा जास्तच बंद पडते असं इतर बाया म्हणायला लागल्या, तेव्हा दोघांनी लग्न केलं.

अठरा वर्षांपूर्वी गिरणीला कुलूप लागलं. कोणी सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे गेलं, कोणी शेतावर. लहानू मोटरपंप दुरुस्त करू लागला. पण दर रविवारी तेलाचा डबा घेऊन तो गिरणीत जायचा. पत्रू चौकीदार त्याला मागच्या दाराने आत घ्यायचा. लहानू नऊ नंबरच्या चात्या, म्हणजे सूत पिळणाऱ्या लोखंडी काड्या, एकेक करून हाताने फिरवायचा, तेल सोडायचा, गंज पुसायचा. बाकी फ्रेमसाठी त्याच्याकडे ना वेळ होता ना तेल. "गिरणी पुन्हा चालू झाली तर एक तरी जिवंत पाह्यजे," म्हणायचा. लोक हसायचे. सत्यशीला हसायची नाही, पण सोबतही जायची नाही. शेवटची दोन वर्षं त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या. तरुणपणी सात-आठ वर्षं त्याने कापूस पिंजायच्या खात्यात काढली होती आणि ती धूळ छातीत बसली होती. डॉक्टर टीबीच्या गोळ्या देत राहिले. तरी महिन्यातून एकदा तो पत्रूच्या सायकलवर मागे बसून जायचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीला गिरणीत गेली. छपराचे पत्रे उडाले होते, भिंतीतून पिंपळ निघाला होता, फरशीवर पारव्यांची घाण. पलीकडच्या टोकाला सुनिलची माणसं गॅसकटरने एक नंबरची फ्रेम कापत होती आणि जळक्या तेलाचा वास सगळीकडे भरला होता. तिला वाटलं होतं, आत पाय टाकला की काहीतरी होईल. दारात ती जरा थांबलीही. काही झालं नाही.

"पत्रूभाऊ, झाडू आन्जा," ती म्हणाली.

दोन दिवस तिने नुसती नऊ नंबर साफ केली. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उघडला. आत दातेरी चक्रांवर टोकदार पंच मारून ठोकलेली बारीक टिंबं होती. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. सुनिलला वाटलं कंपनीचे असतील. ती म्हणाली, "नाई, त्याइचे हाय. कोणतं चक्र कोणत्याच्या मागे बसते ते. जेवताना ताटात चण्याचे दाणे ठेवून दाखवत होते मले." तिने टिंबांवर बोट फिरवलं, चक्रं जागच्या जागी आहेत याची खात्री केली आणि झाकण लावलं.

इंजिनिअर गुरुवारी आला. सेल्वम त्याचं नाव, चाळिशीचा, कपाळाला भस्माचा पट्टा, तोडकंमोडकं हिंदी. सोबत त्याने वातीच्या बॉबिनांचं पोतं आणलं होतं. वात म्हणजे सूत होण्याआधीची कापसाची सैल दोरी. ती वरून फ्रेममध्ये शिरते आणि खाली चातीवर सूत होऊन गुंडाळली जाते. त्याला फ्रेम चालताना बघायची होती. सुनिलने ट्रॅक्टरवर जनरेटर आणला.

"अम्मा, अकेला होगा?" सेल्वमने विचारलं.

होणार नव्हतं. फ्रेमला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला दोनशेच्या वर चात्या. सत्यशीलाने पत्रूला मीराबाईकडे पाठवलं. मीराबाई ही नऊ नंबरची दुसरी बाजू. वीस वर्षं दोघींनी मधल्या यंत्रातून एकमेकींची तोंडं पाहत काम केलं होतं. गिरणी बंद झाल्यावर मीराबाई भाजीचं दुकान लावायला लागली आणि भेटी बाजारापुरत्या उरल्या. ती आली ती पदर खोचूनच. "जयभीम वो बाई," म्हणाली, सत्यशीलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली.

रोशनी डबा घेऊन आली तेव्हा जनरेटर नुकताच सुरू झाला होता. सत्यशीलाने बटण दाबलं. पट्टा धावू लागला, फ्रेम हादरली, आणि अठरा वर्षांनी चात्या फिरल्या. आधी घरघर, मग शिट्टीसारखा बारीक आवाज, मग तो सगळा गदारोळ, ज्यात स्वतःचा आवाजही स्वतःला ऐकू येत नाही. पारवे उडून बाहेर गेले.

सूत तुटत होतं. जुन्या रबरी रुळांना खड्डे पडले होते, चार-पाच ठिकाणी एकदमच तुटायचं. सत्यशीला बाजूने चालत होती. तुटलं की डाव्या हाताने चाती थांबवायची, उजव्या हाताने बॉबिनवरचं टोक शोधायचं, वर उचलून वातीला लावायचं, सोडायचं. एवढ्यात पुढचं तुटलेलं. हाताला काही विचारावं लागत नव्हतं. रोशनी डबा हातात धरून दाराशी उभी राहून पाहत होती. आईला तिने धान लावताना पाहिलं होतं, कापूस वेचताना पाहिलं होतं, इतकी भरभर चालताना कधी पाहिलं नव्हतं.

गिरणीतल्या बाया ओठांवरून बोलतात. त्या आवाजात दुसरा इलाजच नसतो. फ्रेमच्या पलीकडून, फिरणाऱ्या बॉबिनांच्या वरून मीराबाईने ओठ हलवले. आवाज काढलाच नाही.

*लहानूभाऊसाठी रडली का तू?*

*नाई,* सत्यशीलाचे ओठ म्हणाले.

*काऊन?*

*मालूम नाई.*

मीराबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या बाजूला सूत तुटलं आणि ती वाकली. सत्यशीलाकडेही तुटलं. पुढची वीस मिनिटं दोघी सूत जोडत राहिल्या. हे शब्द त्या दोघींखेरीज कोणाला कळले नाहीत. एवढ्या माणसांत उभं राहून विचारलं आणि एवढ्या माणसांत उत्तर दिलं.

फ्रेम बंद झाली तेव्हा सगळ्यांचे कान भणभणत होते. सेल्वमने एक बॉबिन काढून सूत उजेडात धरलं, ताणलं, बोटावर गुंडाळलं. "अच्छा रनिंग," तो म्हणाला. मग दोघींच्या हातांकडे बघून म्हणाला, "ऐसा हाथ अभी नहीं मिलता. हमारे उधर लडकी लोग नहीं आता. बिहार, ओडिशा, इधर से भी आता. हॉस्टेल है, खाना है."

"इधरसे किधरसे?" रोशनीने विचारलं.

"गडचिरोली, सिरोंचा. बीस-पच्चीस लडकी है."

त्या संध्याकाळी भाकरी थापताना रोशनी म्हणाली, "आई, मी जाऊ का?"

सत्यशीला चुलीत काडी सारत होती.

"तिथल्या गिरणीत. आपली फ्रेमबी तिथीच जाऊन राह्यली. इथी बसून काय करू? आई?"

सत्यशीलाला ऐकू आलं होतं. लहानूची छाती तिला आठवली. पहाटे उशीला टेकून बसलेला तो, खोकताना गळ्याच्या ताणलेल्या शिरा. सांगायला हवं हेही कळत होतं. पण त्या सांगण्याला जे बळ लागतं ते कुठून आणतात, ते तिला आठवेना. "भाकर जळून राह्यली," ती म्हणाली.

पुढच्या पाच दिवसांत नऊ नंबर उतरवली गेली. सत्यशीला सांगत गेली तसे गडी नट सोडत गेले. प्रत्येक भागावर तिने पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातला, छोटे भाग गोणपाटात बांधले. चात्या मीराबाईने मोजून खोक्यांत लावल्या. कापलेल्या फ्रेमचं लोखंड एका ट्रकमध्ये, नऊ नंबरची खोकी दुसऱ्या ट्रकमध्ये. पत्रू फाटक उघडून उभा होता. ट्रक हलला तसा तो डोळे पुसायला लागला. "बाई, लहानूभाऊ असते तर..." म्हणाला. सत्यशीलाने त्याला घरून आणलेली शिदोरी दिली, कारण त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

रोशनीने पुन्हा विचारलं, यावेळी कपडे पिशवीत भरता भरता. "मी सेल्वम साहेबांना फोन केला. सिरोंच्याच्या तिघी जणी परवा निघून राह्यल्या, त्याइच्यासोबत जातो. तू काही म्हणशील का नाई?"

"लुगड्याची गोधडी घे सोबत," सत्यशीला म्हणाली.

"गोधडी!" रोशनीने पिशवी आदळली. "बाबा गेले तवापासून तू अशीच आहेस. मी मेली तरी तू मले गोधडीच देशील!"

सत्यशीलाने गोधडीची घडी घातली आणि पिशवीवर ठेवली.

बल्लारशाच्या फलाटावर सिरोंच्याच्या तिघी पोरी आपसात तेलुगूत बोलत होत्या. रोशनी त्यांच्यात लगेच मिसळली, मुद्दाम जास्त हसत होती. गाडी आली. सत्यशीलाने खिडकीतून आत हात घातला, लेकीच्या मनगटाला धरलं. धरून ठेवलं. काहीतरी बोलायचं होतं ते तोंडापर्यंत आलं नाही, आणि गाडी सुटली तेव्हा सोबत आलेल्या पत्रूने तिला मागे ओढलं, नाहीतर ती गाडीबरोबर चालतच गेली असती.

मग घर रिकामं झालं. ती कापूस वेचायला जाऊ लागली. दिवसभर बोंडांतून पांढरं ओढायचं, ओटी भरायची, संध्याकाळी कपडे झटकायचे. मीराबाई कधीमधी भाजी घेऊन यायची आणि उगाच बसायची. एकदा म्हणाली, "बोल ना वो काही." सत्यशीला म्हणाली, "काय बोलू?" दोघी मग शेंगा सोलत बसल्या.

रोशनीचा फोन रविवारी यायचा. पहिल्या महिन्यात ती खुशीत होती. हॉस्टेलात सांबार रोज, आता तेही आवडायला लागलं. सूत जोडायला शिकली. "तुह्यासारखं नाई होत अजून, पण सुपरवायझर म्हणते, जल्दी शिकली." दुसऱ्या महिन्यात बोलणं आखूड झालं. तिला कापूस पिंजायच्या खात्यात टाकलं होतं, तिथे माणसं कमी होती म्हणून.

"तोंडाले फडकं बांधतेस?" सत्यशीलाने विचारलं.

"बांधतो. पण गरम होते, मग काढतो." रोशनी खोकली. हसून म्हणाली, "ऐक, बाबासारखी खोकून राह्यली मी. सोमवारी जास्त येते. सुट्टीनंतर गेलं की छाती दाबल्यासारखी होते, मग आठवडाभर बरं वाटते."

सत्यशीला अंगणात उभी होती. फोनवर रोशनी पुढे सिनेमाचं काहीतरी सांगत होती. लहानूलाही सोमवारीच व्हायचं. लग्नानंतर पहिली कितीतरी वर्षं ते सोमवारचं दुखणं म्हणून दोघं हसायचे.

"रोशनी," ती म्हणाली. "परत ये."

"काय?"

"परत ये. उद्याच निघ."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग रोशनी म्हणाली, "आधी काऊन नाई म्हटलं? मी किती डाव विचारलं तुले."

"तवा मले बोलता येत नव्हतं."

"अन् आता येते?"

"थोडं येते."

रोशनी रडायला लागली. सत्यशीला ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "सेल्वम साहेबाले फोन दे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सेल्वमशी ती आपल्या मोडक्या हिंदीत बोलली. त्याने हुज्जत घातली नाही. "अम्मा, मेरा भी लडकी है," एवढंच म्हणाला, आणि तीन दिवसांनी स्वतः रोशनीला गाडीत बसवून दिलं.

सत्यशीला बल्लारशाला दोन तास आधी जाऊन बसली. रोशनी उतरली ती बारीक झालेली, केस आखूड कापलेले. दोघींनी एकमेकींना मिठी वगैरे मारली नाही. आईने पिशवी घेतली, लेकीने पाण्याची बाटली रिकामी केली. राजुऱ्यावरून बस निघाली. कापसाचा हंगाम भरात होता. जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून मैलभर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे बस पुन्हा पुन्हा थांबत होती.

"चंद्रपूरच्या दवाखान्यात जाऊ उद्या," सत्यशीला म्हणाली. "छातीचा फोटो काढू. अन् गिरणीत होती म्हणून आधी सांगजो. तुह्या बाबानं कधी सांगितलं नाई, अन् डॉक्टरनं कधी विचारलं नाई."

"बरं."

"मीराबाई दुकानात हाताखाली माणूस पाहून राह्यली. तोपर्यंत तिथी बस. भरतीचं मग पाहू."

"बरं ना आई. किती बोलतेस."

रोशनीला लगेच झोप लागली. झोपेत ती एकदा खोकली, आणि सत्यशीलाने तिचं डोकं खिडकीच्या गजावरून उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. पुढे रांग हलली. बसने गिअर बदलला. मांडीवरची पिशवी जड होती, पण ती तिने खाली ठेवली नाही. उतरायचं ठिकाण, कोरपना, येईपर्यंत खांदा पार अवघडून गेला होता, दुखत होता, आणि ते दुखणं तिला नीट कळत होतं.